वस्तरा उजव्या हातात, पण दाढी डाव्या हातावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वस्तऱ्याने स्वतःची दाढी स्वतः करायची हौस असलेली तरुण मंडळी सलूनमध्ये हमखास एक प्रश्न विचारतात : कापू नये म्हणून काय करायचे? उत्तरही ठरलेले असते, 'हात हलका ठेवा.' ते खोटे नाही, पण त्याने कुणाचा गाल वाचत नाही. हात किती हलका, कशाने हलका, याचा त्यात पत्ताच नसतो. शिवाय ते उत्तर वस्तरा धरलेल्या हाताबद्दल बोलते. आमच्या मते निम्म्याहून अधिक काम मोकळ्या हाताचे आहे. कातडी ताणून धरणारा तो हात नीट चालला, तर नवखा माणूसही न कापता दाढी करू शकतो. तो लोंबकळत राहिला, तर कसलेल्या कारागिराच्या हातूनही रक्त निघते. चित्रफितींमध्ये कॅमेरा वस्तऱ्यावर रोखलेला असतो, त्यामुळे हा दुसरा हात शिकणाऱ्याच्या नजरेतून सुटतो. म्हणून हे जरा लांबलचक पत्र.

आधी कातडी का ताणायची ते सांगतो. गालाची कातडी मऊ आणि सरकती असते. धार तिच्यावरून निघाली की सैल कातडी धारेपुढे गोळा होते, अंथरलेली चादर हाताने पुढे ढकलली की घडी पडते तशी. त्या घडीचा उंचवटा धारेच्या वाटेत येतो आणि केसाऐवजी तोच कापला जातो. कातडी ताणलेली असेल तर घडी पडत नाही, केसही मुळाशी थोडा उभा राहतो आणि धारेला आधी केस भेटतो. ताण वस्तऱ्याच्या प्रवासाच्या उलट दिशेला हवा : वस्तरा खाली जाणार असेल तर बोटांनी कातडी वर ओढायची. बोटे फेसाने बुळबुळीत झाली की पकड सुटते, म्हणून एक कोरडा नॅपकिन खांद्यावर ठेवावा आणि दर दोन-तीन हातांनंतर बोटे पुसावीत (एक 'हात' म्हणजे वस्तरा गालावरून एकदा फिरवणे). ओल्या तुरटीवर बोटे घासली तरी पकड चांगली येते.

आता वस्तऱ्याबद्दल. या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू मिळतात आणि त्यांची गल्लत झाली की पुढचे सगळे चुकते. सलूनमध्ये आज दिसतो तो ब्लेडचा वस्तरा : मुठीत मिटणारी धातूची पट्टी आणि तिच्यात दुधारी ब्लेडचा अर्धा तुकडा. गिऱ्हाईक बदलले की ब्लेड बदलते. दुसरा जुना पोलादी वस्तरा, ज्याचे पातेच धारेचे असते आणि जो चामोटीवर (चामड्याच्या पट्ट्यावर) परजावा लागतो, मधूनमधून दगडावर लावावा लागतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेरही किमान ७ दिवस तग धरू शकतो, तेव्हा एकच पोलादी पाते अनेकांच्या गालांवर फिरवण्याची पद्धत सलूनमधून गेली हे उत्तमच झाले. घरातही हाच नियम. पोलादी वस्तरा एकाच माणसाचा. भावाभावांत, बापलेकांतसुद्धा वाटून घ्यायचा नाही.

शिकायला कोणता घ्यावा, यावर धंद्यातच दोन मते आहेत. पोलादी वस्तरा जड, त्यामुळे हातात स्थिर. गोल टोकाचा असेल तर कोपरा रुतत नाही. चुकले तर आधी ओढ लागते, मग कापतो. ब्लेडचा वस्तरा हलका, ब्लेडची जाडी जेमतेम ०.१ मिलिमीटर, दोन्ही कोपरे तीक्ष्ण. तो चूक माफ करत नाही. एवढे असूनही आपल्याकडच्या शिकणाऱ्याने सुरुवात ब्लेडच्या वस्तऱ्यानेच करावी असे आम्हाला वाटते. दगडावर नीट लावलेला पोलादी वस्तरा इथे सहजासहजी मिळत नाही. नवा कोरा वस्तरा पुष्कळदा दाढीला तयार नसतोच, त्यावर शेवटची धार चढवावी लागते. बोथट वस्तऱ्यावर शिकणारा पहिल्याच दिवशी दाबायला शिकतो, आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही. नव्या ब्लेडची धार कशी आहे याबद्दल शंका नसते. कापले तर चूक हाताची, हे लगेच कळते.

ब्लेड घालतानाच निम्म्या जखमा ठरतात. दुधारी ब्लेड कागदी वेष्टनातून बाहेर काढू नये. वेष्टनासकट दोन्ही धारा एकमेकींकडे येतील असे लांबीतून वाकवले की ते कट्‌कन मधोमध मोडते. मग अर्धा तुकडा कागदाने धरून पट्टीत सरकवायचा, तळापर्यंत बसवायचा, पट्टी मिटायची आणि कडी घट्ट लावायची. त्यानंतर वस्तरा उजेडासमोर आडवा धरून पाहायचा. टोकापासून टाचेपर्यंत, म्हणजे मुठीकडच्या कोपऱ्यापर्यंत, धार सारखी बाहेर आलेली दिसली पाहिजे. एका बाजूला ब्लेड जास्त डोकावत असेल तर त्या बाजूचा कोपरा गालात रुतणार, हात कितीही चांगला असो. विकत घेतानाच असा वस्तरा निवडावा की ज्याची पट्टी ब्लेडचे दोन्ही कोपरे झाकते आणि ब्लेड आत अजिबात हलत नाही. शिकताना दर दोन दाढ्यांना ब्लेड बदलावे. ब्लेडची बचत इथे करू नये.

पण ब्लेड घालण्याआधी एक आठवडा रिकामाच वस्तरा वापरा. तोंडाला फेस लावा आणि ब्लेड न घातलेली पट्टी सगळ्या चेहऱ्यावरून अगदी खरी दाढी करावी तशी फिरवा. पट्टी फेस निपटून काढते, त्यामुळे कुठे हात पोचला आणि कुठे नाही ते स्पष्ट दिसते. कोपर भिंतीला कुठे आपटते, डाव्या गालाला जाताना आपलाच हात आरसा कुठे झाकतो, मोकळा हात कुठे गोंधळतो, हे सगळे या आठवड्यात उघडे पडते आणि एक थेंब रक्त जात नाही. फुगवलेल्या फुग्याला फेस लावून तो वस्तऱ्याने काढायचा सराव जुना आहे. कोन आणि दाब समजायला तो चांगला, पण फुग्याची कातडी आधीच ताणलेली असते, त्यामुळे डाव्या हाताचे शिक्षण त्यात होत नाही. रिकाम्या वस्तऱ्याचा सराव आम्हाला जास्त मोलाचा वाटतो.

दाढी अंघोळीनंतर करावी. कोरडा केस ताठ असतो. दोन-तीन मिनिटे पाण्यात राहिला की तो पाणी पिऊन फुगतो, मऊ होतो आणि कापायला कमी जोर लागतो. कमी जोर म्हणजे कमी जखमा, हिशेब इतका सरळ आहे. पाणी कोमट पुरे. कढत पाण्याने कातडी लाल होऊन हुळहुळते. डब्यातून फस्सकन येणारा तयार फेस वस्तऱ्यासाठी वापरू नये, त्यात हवा जास्त आणि ओल कमी. बदामाएवढी क्रीम किंवा साबणाच्या वडीवर २०-३० सेकंद फिरवलेला ओला ब्रश घ्यावा, आणि चेहऱ्यावर गोल गोल फिरवत थेंब थेंब पाणी घालत जावे. फेस चक्क्यासारखा घट्ट उभा राहिला तर तो कोरडा आहे. फेटलेल्या दह्यासारखा चकाकला, दोन बोटांत घेतल्यावर निसटला आणि डोळ्यांना बुडबुडे दिसेनासे झाले की झाला. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस फुटतो. तिथे आरओ यंत्रातल्या पिण्याच्या पाण्याचा एक वाडगा भरून घ्यावा, तेवढ्याने काम भागते. आणि पंखा बंद करावा. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात पंख्याखाली लावलेला फेस दुसऱ्या गालाकडे वळेपर्यंत वाळून जातो. वाळलेल्या फेसावर धार घसरत नाही, अडखळते, आणि अडखळली की माणूस जोर लावतो. म्हणून सगळ्या चेहऱ्याला पुन्हा पुन्हा फेस लावायला कंटाळू नये.

वस्तरा धरायचा तो असा. मूठ मागे वळवून वर उघडी ठेवायची. पात्यामागच्या दांडीला खालून अंगठा, वरून पहिली तीन बोटे आणि मागच्या वळलेल्या शेपटावर करंगळी. करंगळी तिथे नसेल तर वस्तरा बोटांत गोल फिरू शकतो, आणि वस्तरा फिरणे म्हणजे कोन बिघडणे. मनगट सैल, वळायचे ते मनगटाने आणि कोपराने, बोटांनी नाही.

कोन हा विषय मात्र नीट समजून घ्यायचा. पाते गालावर सपाट टेकवले तर तो शून्य अंश, काटकोनात उभे केले तर ९०. दाढीचा कोन साधारण ३० अंशांचा. पोलादी वस्तऱ्यात तो ओळखायची सोपी खूण अशी की पात्याची पाठ आणि गाल यांच्यामध्ये पाठीच्या जाडीच्या दीड-दोन पट फट दिसावी. ब्लेडच्या वस्तऱ्यात पट्टी गालावर सपाट ठेवून हळूहळू उचलायची, आणि केस कापल्याचा बारीक खर्रखर्र आवाज सुरू झाला की तिथेच थांबायचे. या आवाजाकडे कान हवा, म्हणून दाढीच्या वेळी मोबाइलवर गाणी नकोत. कोन फार कमी झाला की धार केसावरून घसरते, केस ओढला जातो आणि डोळ्यांत पाणी येते. ४५ अंशांच्या वर गेला की धार कातडी खरवडू लागते. शिकणाऱ्याची चूक बहुधा दुसऱ्या प्रकारची असते, कारण गाल वळला की पात्यालाही त्याच्याबरोबर वळवावे लागते हे हाताला अजून कळलेले नसते. जबड्याकडे येताना गाल आत वळतो, वस्तरा मात्र सरळ रेषेत जात राहतो आणि न कळत कोन दुप्पट होतो.

दाब अजिबात द्यायचा नाही. वस्तऱ्याचे स्वतःचे वजन पुरते. पुरत नाही असे वाटले तर ब्लेड बोथट आहे किंवा दाढी नीट भिजलेली नाही. यातले काय ते शोधायचे, पण दाबायचे नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे सगळ्यांत खोल जखमा होतात. वस्तरा धारेला काटकोनात पुढे गेला पाहिजे. धारेच्या लांबीच्या दिशेने तो नखभरसुद्धा सरकला की त्याची सुरी होते. पिकलेल्या टोमॅटोवर सुरी नुसती दाबली तर साल दबते, पण ओढली की एका क्षणात चिरते. गालाचेही तसेच. केस काढणाऱ्या हालचालीत ओरखडा येईल, थेंब येईल. आडव्या सरकण्यात चीर पडते. म्हणून वस्तरा गालावर टेकवून थांबायचे नाही, विचार करायचा नाही, आरशात वाकून बघायचे नाही. हात हलता असतानाच तो गालाला लागावा आणि हलता असतानाच सुटावा. कुणी हाक मारली, शिंक येतेय असे वाटले, वीज गेली, तर वस्तरा सरळ समोर, चेहऱ्यापासून लांब न्यायचा. हातातून सुटला तर झेलायचा प्रयत्न मुळीच करू नये. पाय मागे घ्यावेत आणि पडू द्यावा.

एक हात दोन ते तीन सेंटिमीटरचा, त्याहून लांब नाही. सलूनमधला कारागीर कल्ल्यापासून हनुवटीपर्यंत एका दमात येतो ते पाहून तसे करायला जाऊ नये. तो गिऱ्हाइकाभोवती फिरतो, त्याला दोन्ही गाल समोरून दिसतात. स्वतःची दाढी करणारा आरशातल्या उलट्या प्रतिमेवर काम करतो आणि त्याचा एक गाल कायम गैरसोयीचा असतो.

केसांचा झोत कोणीकडे आहे हे आधी ओळखावे. दोन दिवस दाढी वाढू द्यावी आणि बोटाने चारही दिशांना चाचपावे. गुळगुळीत लागते ती सुलट दिशा, खरखरीत लागते ती उलट. गालावर केस बहुतेकांचे खाली झुकलेले असतात. मानेवर मात्र काही ठिकाणी वर, काही ठिकाणी आडवे, काहींना भोवराच असतो. पहिला हात, इथे म्हणजे सगळ्या चेहऱ्यावरून पहिली फेरी, सगळीकडे सुलट. दुसरा हात, पुन्हा फेस लावून, हवा तर आडवा. उलट हात पहिले दोन महिने मारूच नये. ज्यांचे केस कुरळे आहेत आणि दाढीनंतर मानेवर पुटकुळ्या येतात, त्यांनी तो कधीच मारू नये : फार खोल कापलेला कुरळा केस वाढताना कातडीतच घुसतो आणि तिथे गाठ धरते.

पहिला आठवडा फक्त दोन गाल वस्तऱ्याने करावेत, बाकी चेहरा नेहमीच्या रेझरने. उजव्या गालाला डावा हात डोक्यावरून आणून कल्ल्याच्या वर दोन बोटे टेकवायची आणि कातडी वर खेचायची. वस्तऱ्याचे टोक नाकाकडे असते. डाव्या गालाला उजवा हात तोंडासमोरून ओलांडून जातो आणि टोक कानाकडे येते, म्हणून डाव्या हाताच्या बोटांनी कातडी कानाकडे आणि वर ओढताना कानाची पाळीही मागे दुमडून धरायची. काही जण डाव्या गालाला वस्तरा डाव्या हातात घेतात. पुढे जमले तर छानच, पण सुरुवातीला दोन्ही हात शिकवत बसण्यापेक्षा एक हात पक्का करणे आम्हाला बरे वाटते. डावखुऱ्यांनी हे सगळे उलटे वाचावे.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जबडा आणि मान. जबड्याच्या हाडावर धार फिरवायचीच नाही. हाडाखालची कातडी बोटांनी वर गालावर ओढून घ्यायची, म्हणजे मानेवरचे केस सपाट जागेवर येतात आणि तिथे ते काढता येतात. मानेसाठी डोके मागे टाकावे, कातडी खाली गळपट्टीच्या हाडाकडे ताणावी, आणि जिथे केस वर झुकलेले आहेत तिथे वस्तराही खालून वरच घ्यावा. कंठमण्यावरून सरळ जाऊ नये. कातडी बोटाने डावीकडे सरकवली की त्या भागावरचे केस सपाटीवर येतात. मग तशीच उजवीकडे. दोन हातांत कंठमणी पार पडतो.

हनुवटी शेवटी, महिनाभरानंतर. तिथे कापण्याचे कारण सोपे आहे : वस्तऱ्याची धार सरळ आणि हनुवटी गोल. गालावर धार दोन-तीन सेंटिमीटर लांबीने टेकते, हनुवटीवर ती चार-पाच मिलिमीटरच टेकते. तोच हात, तेच वजन, पण सगळा भार त्या एवढ्याशा जागेवर येतो, आणि केसही तिथलेच सर्वांत जाड आणि दाट. म्हणून हनुवटीला फेस दोनदा लावून थोडा वेळ मुरू द्यावा. हात अर्ध्या सेंटिमीटरचे. अंगठ्याने हनुवटीची कातडी बाजूला ओढून गोलाई मोडायची आणि एका वेळी एकाच बाजूचा उतार करायचा. खालच्या ओठाखाली जो खळगा असतो तिथे ओठ खालच्या दातांवर आत ओढून घ्यावा. खळगा भरून येतो. तिथे धारेचा टोकाकडचा भागच वापरावा आणि खालच्या दिशेने एक-दोन हात, बस. चार केस राहिले तर राहू द्यावेत. शिकणाऱ्यांच्या बहुतेक जखमा त्या चार केसांसाठी झालेल्या असतात.

वरच्या ओठासाठी नाकाचा शेंडा बोटाने वर उचलावा आणि ओठ दातांवर खाली ताणावा. एक-एक सेंटिमीटरचे सरळ खाली येणारे हात. चौकोनी टोकाचा वस्तरा असेल तर नाकपुडीजवळ टोकावर सतत नजर हवी, ते कुठे रुतते हे नाकाखाली कळत नाही. मिशी राखणाऱ्यांना तिची कड कोरायला मात्र हेच टोक उपयोगी पडते.

दाढी झाल्यावर थंड पाण्याने चेहरा धुवून ओली तुरटी सगळीकडे फिरवावी. तुरटी रक्त थांबवते हे सगळ्यांना माहीत आहे, पण शिकणाऱ्यासाठी तिचा दुसरा उपयोग मोठा आहे : जिथे ती चुरचुरते तिथे आज जोर पडला किंवा कोन उभा झाला. रक्त न येताही कातडी खरवडलेली असते, ती डोळ्यांना दिसत नाही, तुरटीला सापडते. रोज तीच जागा चुरचुरत असेल तर तिथला डावा हात बदलून पाहावा. अर्ध्या मिनिटाने तुरटी धुवून टाकावी, नाहीतर कातडी ओढल्यासारखी कोरडी पडते. ही तुरटीही ज्याची त्याची वेगळी हवी.

जखमेच्या आकारावरूनही चूक ओळखता येते. लांब, सरळ, बारीक चीर म्हणजे वस्तरा आडवा सरकला. स्वल्पविरामासारखी छोटी वळलेली खूण म्हणजे टोक किंवा टाच रुतली, किंवा ब्लेड तिरके बसले होते. एकाच ठिकाणी टाचणीएवढे बरेच लाल ठिपके म्हणजे उलट हात लवकर मारला गेला. लाल, जळजळणारा पट्टा म्हणजे फेस नसलेल्या जागेवरून वस्तरा दुसऱ्यांदा गेला. ही चूक कसलेले लोकही करतात, राहिलेला एखादा केस दिसला की हात आपोआप परत जातो. सपाट गालावर कापले तर बहुतेक वेळा ताण सुटलेला असतो, आणि त्याचे कारण बोटे ओली होती हेच असते. किरकोळ जखमेवर स्वच्छ कापूस किंवा कापड न उचलता तीन-चार मिनिटे दाबून धरावे. मिनिटामिनिटाला उचलून बघितले तर रक्त साकळत नाही. दहा मिनिटे दाबूनही थांबले नाही, किंवा जखमेच्या कडा विलग झाल्या, तर डॉक्टरांकडे जावे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारावे.

काहींनी वस्तऱ्याच्या वाटेला जाऊच नये असे आम्हाला स्पष्ट सांगावेसे वाटते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेले, रक्त न गोठण्याचा आजार असलेले, हात थरथरणारे, आणि जखम झाली की तिथे वाढणारा जाड व्रण येणारे. मधुमेह असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मुरुमांनी चेहरा भरलेला असेल तर तो बरा होईपर्यंत थांबावे. गालावर चामखीळ असेल तर तिच्यावरून धार फिरवू नये; ती कापली की तिचा संसर्ग दाढीच्या वाटेने चेहराभर पसरू शकतो.

ज्यांना पुढे पोलादी वस्तऱ्याकडे जायचे आहे त्यांच्यासाठी थोडेसे. पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. ५/८ इंच, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर, आणि गोल टोक ही नवशिक्याला सोयीची निवड. चकचकीत नक्षीच्या स्वस्त वस्तऱ्यांचे पोलाद मऊ असते, त्यावर धार टिकत नाही. झोलिंगेन हे जर्मनीतले शहर वस्तऱ्यांसाठी प्रसिद्ध. त्याच्या नावाला तिथे १९३८ पासून कायद्याचे संरक्षण आहे, तरी नुसत्या छापावर भरवसा ठेवू नये, पाते सपाट काचेवर ठेवून पाठ आणि धार दोन्ही सारखी टेकतात का ते पाहावे. चामोटी, म्हणजे धार परजायचा चामड्याचा पट्टा, एका टोकाला अडकवून ताणून धरायची. वस्तरा तिच्यावर सपाट, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या, आणि प्रवास पाठीच्या दिशेने : पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचल्यावर वस्तरा पाठीवरच उलटायचा, धारेवर कधीही नाही. एकदा जरी धारेवर उलटला तर धार तरी वळते नाहीतर चामोटी तरी चिरते. प्रत्येक दाढीआधी ४०-५० फेऱ्या, सावकाश. वेग आपोआप येतो. पट्टा सैल सोडला किंवा पाठ उचलली गेली तर धार गोल होते आणि पूर्वी चांगला चालणारा वस्तरा अचानक ओढू लागतो. आपला वस्तरा बिघडला म्हणून जे लोक तो दाखवायला आणतात त्यांच्या बाबतीत बहुधा हेच झालेले असते.

रस्त्यावर सायकलच्या चाकावर सुऱ्या-कात्र्यांना धार लावून देणाऱ्याकडे मात्र वस्तरा देऊ नये. त्याचे काम चांगलेच आहे, पण ते चाक खरखरीत आणि वेगवान असते. वस्तऱ्याची धार इतकी पातळ असते की घर्षणाने क्षणात तापते, पोलादाचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरते आणि धारेवर निळसर झाक येते. ती झाक दिसली की तेवढा भाग घासून काढल्याशिवाय तो वस्तरा दाढीला उपयोगाचा राहत नाही. दगडावर लावणे स्वतंत्र कला आहे. बारीक आणि अतिबारीक असे निदान दोन दगड, सपाट केलेले, आणि पाण्याखेरीज काही नको. पहिले वर्ष जाणकाराकडून लावून घ्यावा. नखावर धार घासून तपासायची सवय टाळावी, त्याने चांगली धार बिघडते. मनगटावरचे केस कातडीला न लागता तुटतात का, एवढे पाहिले तरी पुरते.

पोलाद गंजते, विशेषतः कोकणात आणि पावसाळ्यात सगळीकडेच. धुताना धार नळाच्या तोटीला लागू देऊ नये, बारीकसा टवका उडाला तरी तो पुढच्या दाढीत गाल शोधतो. मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसावे, मूठ उघडी ठेवून तासभर वाळू द्यावे, आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब बोटाने पात्यावर पसरावा. खोबरेल नको; ते थंडीत थिजते आणि जुने झाले की चिकट होते. न्हाणीघरात वस्तरा ठेवू नये. लहान मुले असलेल्या घरात तो कुलपात हवा.

राहिली गोष्ट वापरलेल्या ब्लेडची. दर दोन दाढ्यांना ब्लेड बदला असे आम्ही वर लिहिले आहे, म्हणजे रोज दाढी करणाऱ्याकडे महिन्याला पंधरा अर्धे तुकडे जमतात. ते कागदात गुंडाळून कचऱ्याच्या पिशवीत टाकले, तर ती पिशवी हाताने उचलणाऱ्या सफाई कामगाराचा हात कापतो. पत्र्याचा रिकामा डबा घ्यावा, झाकणाला ब्लेड जाईल एवढीच फट पाडावी आणि झाकण कडेने चिकटपट्टीने बंद करावे. एका डब्यात कित्येक महिन्यांची ब्लेडे मावतात. भरला की फटही चिकटपट्टीने बंद करून, डब्यावर 'आत ब्लेड आहेत' असे ठळक अक्षरांत लिहून, ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात सांगून द्यावा.

आपले,
सलून व्यवसायातील दोन वाचक,
सातारा